मीठ-पाणी नको, आधी श्वास बघा

काल मावशीचा फोन आला. "मीठ-पाण्यात मीठ किती घालायचं गं?" तिचा मुलगा तीन आठवड्यांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय आणि तिला तो फिरणारा मेसेज मिळालाय: नशेत बेशुद्ध पडलेल्याला मीठ-पाणी पाजून उलटी करवा, मग घोरू द्या, सकाळी उतरते, नॅलोक्सोनने (अफूवर्गीय नशेचा असर तोडणाऱ्या औषधाने) व्यसन बोकाळतं, ओव्हरडोस फक्त अट्टल व्यसनींना होतो. हे लिहिणाऱ्याचा मला भयंकर राग आलाय.

बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तोंडात ओतलेलं पाणी आणि वर आलेली उलटी श्वासनलिकेत जाते, माणूस गुदमरतो. जास्त मीठ तर स्वतःच जीव घेऊ शकतं. शिवाय सुईने किंवा धुरातून घेतलेलं पोटात नसतंच, उलटीतून पडणार काय? हॉस्पिटलात कधीकधी पोट धुतात, हे मान्य. पण बेशुद्ध रुग्णाचं पोट धुण्याआधी श्वासनलिकेत नळी घालतात. घरी ती कोण घालणार?

सगळ्यात घातक ते "घोरू द्या". हेरॉईन, मॉर्फीन, फेंटॅनिल ही अफूच्या जातीची द्रव्यं मेंदूकडून येणारा श्वासाचा हुकूमच मंद करतात. ती घरघर म्हणजे गाढ झोप नव्हे, श्वास बंद पडत चालल्याची खूण असू शकते. ओठ-नखं निळसर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीचं हाड मुठीने चोळूनही जाग नाही, असं दिसलं की लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. चालू असेल तर कुशीवर वळवा. एकटं सोडून उठू नका. सकाळची वाट बघायला वेळ नसतो, प्राणवायू तुटला की काही मिनिटांत मेंदूला इजा होते.

नॅलोक्सोनने व्यसन सुटत नाही, एवढं खरं. पण त्याने नशा चढत नाही, सवयही लागत नाही. ते फक्त अफूवर्गीय द्रव्यांचा असर तोडतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 सालीच सांगितलंय की, ज्यांच्यासमोर असा ओव्हरडोस घडू शकतो त्यांना हे औषध मिळावं आणि ते वापरायला शिकवावं. म्हणजे मावशीसारख्यांना. त्याचा परिणाम 30 ते 90 मिनिटांत ओसरू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही.

राहिला "अट्टल"चा मुद्दा. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी पचणारा डोस मग जीवघेणा ठरतो, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आणखीच. केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. मावशीचा मुलगा आज त्याच आठवड्यांत आहे, आणि हा मेसेज तिला सांगतोय की धोका दुसऱ्या कुणाच्या तरी घरी आहे.