गोगलगायीत डोपामिन नसतं म्हणे!

पाऊस लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीच्या ग्रुपवर गोगलगायींचे फोटो येतात आणि मागोमाग हा फॉरवर्ड: 'गोगलगायीला मेंदू नसतो. डोपामिन हे आनंदाचं रसायन, ते फक्त माणसात. म्हणून मीठ टाकलं तरी तिला काही कळत नाही.' तीन विधानं, धड एकही नाही.

मेंदूचं आधी उरकतो. आपल्यासारखा नसतो, कबूल. पण अन्ननलिकेभोवती चेतापेशींच्या गाठींचं कडं असतं. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीत सुमारे 20 हजार चेतापेशी असतात. काही तर एवढ्या मोठ्या, की सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी तीच पेशी दरवेळी ओळखता येते.

डोपामिन सापडतं ते अशाच एका पेशीत, आरपेडी-1 मध्ये. रेणू तोच, तुमच्याआमच्या डोक्यातला. पोफळीवर चढणारी गोगलगाय नीट बघा: शंखाच्या कडेखाली उजव्या अंगाला एक भोक उघडतं, मिटतं. ते तिचं श्वासाचं दार. लिम्नियात या उघडझापीची लय आरपेडी-1 आणि आणखी दोन प्रकारच्या पेशी मिळून ठरवतात. 1990 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या तीन पेशी बाहेर काढून बशीत वाढवल्या. त्या पुन्हा एकमेकींना जुळल्या आणि तीच लय सुरू झाली! पुढे असंही दिसलं, की दार उघडताना काडीने टोचत राहिलं तर गोगलगाय ते कमी उघडायला शिकते. मात्र आरपेडी-1 चा मुख्य भाग काढला, तर हा धडा फार काळ टिकत नाही.

यात आनंद कुठे आला? डोपामिन एका पेशीला शांत करतं, दुसरीला चेतवतं. समोरच्या पेशीवरचा ग्राही, म्हणजे डोपामिन झेलणारा रेणू, कोणता, त्यावर सगळं. माणसातही ते कमी पडलं की पार्किन्सनमध्ये हात थरथरतात, हालचाल मंदावते. गंमत म्हणजे 2000 चं वैद्यकाचं नोबेल डोपामिनवर काम केलेले कार्लसन आणि समुद्री गोगलगायीवर आयुष्य घालवलेले कँडेल यांना एकत्रच मिळालं, ग्रीनगार्ड यांच्यासोबत.

राहिलं मीठ. ते अंगातलं पाणी ओढून घेतं, ती फेस सोडत आक्रसते. गरम पृष्ठभागावर ठेवलेली गोगलगाय पाय उचलते आणि मॉर्फिन दिलं तर उशिरा उचलते. तिला माणसासारखं दुखतं असा दावा मी करणार नाही, पण 'काही कळत नाही' ही थाप आहे.

आफ्रिकन गोगलगायी बागेतून काढाव्याच लागतात, त्यात वाद नाही. संध्याकाळी ओली गोणपाटं पसरा, सकाळी खाली जमलेल्या वेचा. हातमोजे घालूनच, त्यांच्यात परजीवी असू शकतात.