पोटातली सुई, काखेतला घाम

नमस्कार,

‘पाच दिवसांचं अँटिबायोटिक नाही, पोटात सुया नाहीत, आणि तुम्ही बिनधास्त लिहिता! माझ्या वडिलांना गुडघ्यानंतर 14 दिवस सुया होत्या,’ असं तुम्ही माझ्या खांद्याच्या ऑपरेशनवरचा लेख वाचून सुनावलंत. पण वडिलांचा गुडघा बदलला होता. माझ्या खांद्यातली फाटलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) तीन छोट्या भोकांतून दुर्बिणीने शिवली. गुडघा बदलल्यावर शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती खरीच असते; खांद्याच्या दुर्बिणीनंतर ती शेकडा एकाच्याही आत. पोटातली ती रक्त पातळ करणारी सुई रक्तस्रावही करू शकते, म्हणून ती सरसकट देत नाहीत.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला पकडलंत. आधी गुठळी झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायका यांचा हिशोब वेगळा, आणि मी ते लिहिलंच नव्हतं. आज लेखात घातलं. गुठळी होऊ नये म्हणून मला त्याच संध्याकाळी उठवून चालवलं. मी कुरकुरलो तर सिस्टर म्हणाल्या, ‘हात गळ्यात बांधलाय, पाय मोकळे आहेत ना?’

अँटिबायोटिकचं म्हणाल, तर कापण्याआधीच्या तासाभरात शिरेतून दिलेला डोस महत्त्वाचा. नंतर गोळ्यांचा कोर्स लांबवून सहसा काही साधत नाही. खांद्याचा खरा चोर म्हणजे मुरुमांतला जंतू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. तो त्वचेच्या तेलग्रंथींत खोल बसतो, वरून कितीही घासा. म्हणून काही सर्जन आधीचे दोन-तीन दिवस बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांचं औषध खांद्याला लावायला सांगतात. मला ती ट्यूब मिळाली तेव्हा वाटलं, केमिस्टने चुकून मुलाचं औषध दिलं! हा जंतू इतका सावकाश वाढतो की तपासणीचा नमुना दोन आठवडे ठेवावा लागतो. संसर्ग झाला तरी बहुधा ताप नाही, पू नाही. नुसता खांदा आखडतो, दुखतो.

पहिल्या रात्री ड्रेसिंग गुलाबी पाण्याने भिजलं आणि आम्ही सगळे घाबरलो. ते ऑपरेशनच्या वेळी खांद्यात सोडलेलं सलाइनच होतं. दोन-तीन दिवसांनंतरही गळत राहिलं, पिवळं झालं, वास आला, तर मात्र दाखवा. एकच पोटरी किंवा शस्त्रक्रियेचा हात सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट कॅज्युअल्टी.

हात गळ्यात अडकवायच्या पाऊचमध्ये काख घामाने सतत ओली राहते. डॉक्टरांनी दाखवलं तसं पुढे वाकून हात सैल लोंबकळू द्यायचो आणि बायको मऊ फडक्याने काख कोरडी करायची.

तुमचंही ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे म्हणता. शुगर असेल तर आत्ताच ताब्यात आणा. आणि काख घरी ब्लेडने भादरू नका. त्या ओरखड्यांतून जंतू शिरतात. केस काढायचेच असले तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढतील.