नियर, क्लोज, नियरबाय: ‘कुठलाही चालतो’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नागपुरातल्या स्पोकन इंग्लिशच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक चित्र फिरतंय. मजकूर असा: ‘नियर, क्लोज, नियरबाय, नेक्स्ट टू या चौघांचाही अर्थ जवळ. बिनधास्त कुठलाही वापरा. लक्षात ठेवा: जागेसाठी नियर, माणसांसाठी क्लोज. नियरच्या पुढे टू कधीच येत नाही. नेक्स्ट आणि नियरेस्ट एकच.’ कुठलाही वापरा म्हणायचं आणि लगेच खाली नियम घालून द्यायचे, इथेच खरं तर शंका यायला हवी होती.

‘चौघांचाही अर्थ जवळ.’ मराठीत तरी हे काम एकट्या ‘जवळ’वर भागतं का? अंबाझरीचं उद्यान तलावालगत आहे, चाटच्या गाड्या फुटाळा तलावाच्या काठावर लागतात, रामटेक नागपूरजवळ आहे. ‘रामटेक नागपूरलगत आहे’ असं कोणी म्हणालं तर पन्नासेक किलोमीटर बसने जाणारा माणूस हसेल. लगत, पाशी, शेजारी, खेटून, जवळपास यांत आपण एरवी गफलत करत नाही. इंग्रजीकडे वळलो की मात्र सगळ्यांना एकाच ‘जवळ’च्या पोत्यात भरतो.

समजा अर्थ सारखाच धरला, तरी वाक्यातली जागा सारखी नाही. बहुतेक चुका इथेच होतात. नियरच्या पुढे नाम थेट येतं: ‘नियर द स्टेशन’. क्लोजला मध्ये टू लागतो: ‘क्लोज टू द स्टेशन’. नियरबायच्या पुढे ठिकाण येत नाही. ते वाक्याच्या शेवटी एकटं उभं राहतं, ‘देअर इज अ बँक नियरबाय’, किंवा नामाच्या आधी विशेषण म्हणून बसतं, ‘अ नियरबाय बँक’. त्यामुळे ‘नियरबाय द स्टेशन’ प्रमाण इंग्रजीत बसत नाही. उलट ‘अ नियर बँक’ही कोणी म्हणत नाही; तिथे नियरबाय तरी हवं, नाहीतर ‘द नियरेस्ट बँक’.

भाड्याच्या घराच्या जाहिरातीत हे कसं दिसतं ते बघा: ‘टू बीएचके फ्लॅट, नियर फ्रॉम मेट्रो स्टेशन, क्लोज मार्केट, नियरबाय स्कूल.’ ‘क्लोज मार्केट’ वाचणाऱ्याला बाजार बंद करायचा हुकूम वाटू शकतो. ‘नियरबाय स्कूल’ गंमत म्हणजे बरोबर आहे, लिहिणाऱ्याला माहीत असो वा नसो. खरी मेख ‘नियर फ्रॉम’मध्ये आहे, आणि फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेखही नाही. आपण ‘स्टेशनपासून जवळ’ म्हणतो, म्हणून ‘पासून’चा फ्रॉम सोबत येतो. इंग्रजीत फ्रॉम दूरला लागतो, ‘फार फ्रॉम द स्टेशन’, आणि मोजलेल्या अंतराला लागतो, ‘600 मीटर्स फ्रॉम द स्टेशन’. नियर आणि क्लोजला तो चालत नाही. दुरुस्त जाहिरात अशी होईल: ‘600 मीटर्स फ्रॉम द मेट्रो स्टेशन, क्लोज टू द मार्केट, विथ अ स्कूल नियरबाय.’ अंतर माहीत असेल तर आकडाच द्यावा; नियरवर भाडेकरूंचा विश्वास कधीच उडालाय.

‘जवळ’मुळे होणारा आणखी एक घोटाळा: ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत’. इथला ‘जवळ’ अंतराचा नसून मालकीचा आहे. इथे नियर येतच नाही. ‘आय हॅव’ म्हणायचं, आणि खिशात आत्ता आहेत हे सांगायचं असेल तर शेवटी ‘ऑन मी’ जोडायचं.

‘जागेसाठी नियर, माणसांसाठी क्लोज.’ अर्धं खरं, म्हणून जास्त त्रासाचं. जिवलग मित्र ‘क्लोज फ्रेंड’च, ‘नियर फ्रेंड’ नाही. पण लग्नपत्रिकेतले ‘नियर अँड डिअर’ माणसंच असतात ना? कायद्यातही माणसांसाठी नियर आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्यात ‘नियर रिलेटिव्ह’ अशी संज्ञाच आहे: पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. 2011 च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. तिथे क्लोज लिहून चालणार नाही, कारण व्याख्या नियरची आहे. दुसऱ्या बाजूने क्लोज माणसांपुरता नाही. चुरशीची लढत ‘क्लोज कॉन्टेस्ट’, बारकाईने पाहणं ‘क्लोज लुक’. येणारा काळ मात्र ‘नियर फ्युचर’. ‘क्लोज फ्युचर’ चूक. हे शब्दांचे जोड आहेत, त्यांचा नियम काढत बसू नये, जोडीनेच पाठ करावेत.

जवळीक सांगायला म्हणून कोणी ‘इंटिमेट फ्रेंड’ लिहीत असेल तर थांबा. त्यात शारीरिक संबंधाची छटा येते. बायोडेटात तर नकोच.

‘नियरच्या पुढे टू कधीच येत नाही.’ येतो. ‘नियरर टू’ सर्रास चालतं, साधं ‘नियर टू’ही ब्रिटिश इंग्रजीत सापडतं. परीक्षेत ‘नियर द’ लिहिलं की वादच उरत नाही, एवढंच.

‘नेक्स्ट आणि नियरेस्ट एकच.’ सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर उभे राहा. खापरीकडच्या गाडीत ‘नेक्स्ट स्टेशन’ काँग्रेसनगर. त्याच स्टेशनवरून उलट्या दिशेने निघालात तर नेक्स्ट झिरो माइल. तुम्ही जागचे हललाही नसता, तरी दिशा बदलली की नेक्स्ट बदलतो. नियरेस्ट फक्त अंतर पाहतो, गाडी कुठेही जावो. आणि ‘नेक्स्ट टू’ वेगळाच: दोघांच्या मध्ये तिसरं काही नाही, म्हणजे आपलं ‘शेजारी’. मधे एक दुकान आलं की ‘नेक्स्ट टू’ संपलं, नियर सुरू. ‘बिसाइड’चा अर्थही शेजारी, पण शेवटी स लावून ‘बिसाइड्स’ केलं की ‘शिवाय’ होतं.

मालमत्तेच्या कागदांत ‘ॲडजसंट’ आणि ‘ॲडजॉइनिंग’ दिसले तर घाई करू नका. ॲडजॉइनिंग म्हणजे हद्द किंवा भिंत लागलेली. ॲडजसंट म्हणजे बाजूचा, पण टेकलेलाच असेल असं नाही. प्लॉट घेताना हा फरक नकाशावर बोट ठेवून विचारावा.

शेवटी उच्चार. फॉरवर्डमध्ये ‘क्लोज’ एकच छापलाय, पण जवळ या अर्थी शेवटी स येतो, ‘क्लोस’; बंद करणे या अर्थी झ, ‘क्लोझ’. दुकान बंद असेल तर ‘क्लोझ्ड’, शेवटच्या ‘ड’सकट. तो ड गिळला आणि झचाही स झाला तर परदेशी पाहुण्याला बंद दुकान जवळच आहे असं ऐकू येईल, आणि तो चालत निघेल.