मी सध्या अ‍ॅमस्टरडॅमला असते म्हणे

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसरीकडच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारा बोगदा, कायम चालू असतो, तो बंद करायचा अधिकार आपल्याला नाही, आणि त्याचं दुसरं टोक निघतं थेट अ‍ॅमस्टरडॅमला, कारण कंपनीचे सर्व्हर तिकडे. म्हणजे मी पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये गाऊनवर बसून मेल उघडला तरी मेलवाल्यांच्या लेखी मी नेदरलँड्समध्ये. परवा मला माझ्या मेलमधून होम लोनचं इंटरेस्ट सर्टिफिकेट हवं होतं, फक्त एक पीडीएफ, इन्व्हेस्टमेंट प्रूफचा शेवटचा दिवस आणि संध्याकाळी पोर्टल बंद. पासवर्ड बरोबर टाकला तरी स्क्रीन म्हणते, हे तुम्हीच आहात का ते तुमच्या फोनवर सांगा.

आता ‘तुमचा फोन’ म्हणजे माझ्या हातातला नव्हे. माझा जुना फोन, ज्यावर माझं मेलचं खातं अजून चालू आहे आणि जो सासऱ्यांकडे असतो.

अप्पा बँकेतून रिटायर झालेत. उभी हयात कॅश काउंटरला गेली, त्यामुळे कुठल्याही कागदावर, स्क्रीनवर आणि माणसावर त्यांचा पहिल्या फटक्यात विश्वास बसत नाही. ते गॅलरीत कोडं सोडवत होते. फोन वाजला, चष्मा कपाळावर सरकवला, फोन हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, “अ‍ॅमस्टरडॅम, नेदरलँड्स. आत्ताच. अगं, तुझं खातं कोणीतरी उघडतोय!”

“अप्पा, मीच आहे ती. ‘हो’ दाबा पटकन.”

“तू कशी असशील? तू इथे आहेस.”

“हो, मी इथेच आहे, पण मेल तिकडून उघडतेय.”

“कोण उघडतेय?”

“मीच!”

अप्पांनी चष्मा खाली ओढला आणि चेकवरची सही ताडून बघावी तसं एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे बघितलं.

“हे बघ, तू इथे आहेस हे मला डोळ्यांनी दिसतंय. बरोबर? म्हणजे तिकडे जो कोणी आहे तो तू नाहीस.”

आणि दाबलं. ‘नाही, हा मी नाही.’

यात नेमकी चूक कुठे आहे ते मला अजून दाखवता आलेलं नाही, राग त्याचाच जास्त येतोय. वर म्हणाले, “पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलंय, रुको, सोचो, अ‍ॅक्शन लो. मी थांबलो, विचार केला, अ‍ॅक्शन घेतली. आता १९३० ला फोन लावू का?” सायबर हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे, त्यांच्याच अक्षरात. कसाबसा फोन काढून घेतला त्यांच्या हातून.

तोपर्यंत मी सगळीकडून लॉगआउट. पासवर्ड बदला म्हणे, बदलायला गेले तर या ठिकाणाहून बदलता येणार नाही, कारण ठिकाण संशयास्पद. घरच्या वायफायवरून नवऱ्याच्या लॅपटॉपवर ट्राय केलं तर ते डिव्हाइस अनोळखी. शेवटी, तुमची विनंती मिळाली, पडताळणीला दोन दिवस लागतील.

याला ते लोक ‘इम्पॉसिबल ट्रॅव्हल’ म्हणतात. आता फोनवरून पुण्यात मेल बघितला, दोन मिनिटांनी लॅपटॉपवरून अ‍ॅमस्टरडॅममध्ये, मध्ये जवळजवळ ७,००० किलोमीटर, म्हणजे माणूस चोर. अहो, मला हिंजवडीहून वाकडला यायला तास लागतो, मी कुठली जातेय दोन मिनिटांत युरोपात! आणि आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या पत्त्यावरून, गाव ओळखायचं ही मुळातच अंदाजपंचे भानगड आहे, मोबाईल डेटावर असले की मी कित्येकदा मुंबईत दिसते. त्यावरूनही अप्पांनी एकदा विचारलं होतं, “मुंबईला गेलीस, सांगितलं नाहीस?”

दिराची गंमत उलटी. तो जर्मनीत असतो आणि इकडच्या मालिका बघायला व्हीपीएनमध्ये ‘इंडिया’ निवडतो. २०२२ मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हरच उचलून नेले, त्यामुळे आता ते ‘इंडिया’ बऱ्याचदा सिंगापूर नाहीतर लंडनमध्ये असतं, फक्त पत्ता भारताचा. म्हणजे जर्मनीतला माणूस सिंगापूरमार्गे भारतात येऊन सासू-सुनेची भांडणं बघतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. मी स्वतःच्या घरात स्वतःचा मेल उघडला तर गुन्हेगार.

चिडचिड याची होते की या मेलवाल्यांना माझं सगळं माहिती असतं. कुठली तिकिटं काढली, पार्सल कधी येणार, डेंटिस्टची वेळ कधीची. फक्त मी मी आहे एवढंच माहिती नसतं. ‘आज रात्री तुमची लाइट कापली जाईल’ असले मेसेज मात्र बिनदिक्कत आत येतात, त्यांना कोणी अडवत नाही. ऑफिसच्या आयटीला तिकीट टाकलं की तेवढा माझा मेल व्हीपीएनच्या बाहेरून जाऊ द्या, तर उत्तर आलं, पॉलिसीत बसत नाही, पर्सनल मेल पर्सनल डिव्हाइसवर बघा. तिकीट क्लोज्ड. वर मला फीडबॅकला स्टार द्यायला सांगितले.

सर्टिफिकेट वेळेत गेलं नाही. टॅक्स कापला गेला, रिटर्न भरताना क्लेम करा म्हणाले एचआरवाले. अप्पांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, “गेले तर सरकारकडेच गेले ना? त्या डच माणसाकडे तर नाही गेले.”