घरचे सेन्सॉर मंडळ आणि दोरीवरचे ब्लँकेट

रविवारची जेवणे उरकल्यावर घरातल्या तीन पिढ्यांनी एकत्र बसून हॉलिवूडचा एखादा जुना विनोदी चित्रपट पाहावा, असा विचार तुमच्या मनात आला असेल, तर तो चित्रपट आधी स्वतः पाहण्याच्या फंदात पडू नका. पाहिलेला चित्रपट आवडून जाण्याचा धोका असतो, आणि आवडलेल्या गोष्टीबद्दल निःपक्षपाती निर्णय देणे भल्याभल्यांना जमत नाही. अमुक चित्रपट कुटुंबासह पाहण्याजोगा आहे की नाही, हे ठरवण्याचा मान आपल्याकडे ज्या व्यक्तीला असतो ती व्यक्ती सहसा चित्रपट पाहत नाही. ती रिमोट सांभाळते. हे पद तुमच्याकडे चालत आले आहे असे समजून पुढील सूचना वाचाव्यात.

उदाहरणादाखल ‘इट हॅपन्ड वन नाइट’ घेऊ. फ्रँक काप्राने दिग्दर्शित केलेला, क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर यांचा हा कृष्णधवल चित्रपट १९३४च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री व पटकथा अशी पाचही प्रमुख ऑस्कर पारितोषिके त्याने एकट्याने पटकावली. पारितोषिकांनी दिपून जाऊ नका. ऑस्कर देणाऱ्यांना तुमच्या सासूबाईंच्या शेजारी सोफ्यावर बसायचे नसते. कथा अशी की, गर्भश्रीमंत बापाच्या मनाविरुद्ध एका वैमानिकाशी लग्न उरकून बसलेली एली मायामीला बापाच्या बोटीवरून समुद्रात उडी मारते, न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बस पकडते, आणि वाटेत तिला नोकरीवरून नुकताच हाकललेला पीटर नावाचा बातमीदार भेटतो. या दोघांचे पहिल्या क्षणापासून पटत नाही. तिला स्वतःचे तिकीट सांभाळता येत नाही आणि त्याला स्वतःची जीभ. ‘स्क्रूबॉल’ म्हणून पुढे जो चित्रपटप्रकार नावारूपाला आला, त्याची सारी सामग्री येथे हजर आहे: पैसेवाली पण व्यवहारशून्य मुलगी, कफल्लक पण तोऱ्यात वागणारा पुरुष, आणि श्वास घ्यायलाही उसंत न देणारी वादावादी.

सर्वप्रथम तारीख तपासा. अमेरिकी चित्रपट उद्योगाने १९३० सालीच स्वतःसाठी नीतिनियमांची एक संहिता लिहून ठेवली होती, ती उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांच्या नावाने ओळखली जाई. परंतु तिची कडक अंमलबजावणी १९३४च्या जुलैत, जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखाली सुरू झाली. म्हणजे आपला चित्रपट दार लागण्यापूर्वी काही महिने आधीच बाहेर सटकला होता. एवढ्या माहितीवर त्याला संशयित ठरवायला हरकत नाही. मात्र यापुढची माहिती घरात कोणाला सांगू नका: संहिता लागू झाल्यावर हॉलिवूडने पुढे कित्येक वर्षे हाच साचा गिरवला. नायक-नायिकेला जवळ आणता येत नसेल, तर त्यांना भांडायला लावावे, हा तोडगा लेखकांना सापडला होता. भांडणातून प्रेक्षकाला हवे ते सगळे समजते आणि कात्री लावायला तपासनिसाच्या हाती काही म्हणजे काही लागत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. जवळचे पैसे संपत आलेले असल्यामुळे पीटर आणि एली एका मुक्कामी नवरा-बायको असल्याचे भासवून एकच खोली घेतात. हे वाक्य वाचताच तुम्ही रिमोटकडे हात नेला असेल, तर तुमची निवड योग्य झाली आहे. खोलीत दोन वेगवेगळ्या खाटा आहेत. पीटर त्यांच्या मधोमध दोरी बांधतो, तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि सांगतो की ही जेरिकोची भिंत आहे, फरक इतकाच की बायबलमधली भिंत ज्या कर्ण्याच्या आवाजाने कोसळली तसा कर्णा आपल्याकडे नाही. ब्लँकेटच्या अलीकडे तो, पलीकडे ती, बाहेर पाऊस. रात्रभर कोणीही ते ब्लँकेट हलवत नाही. काहीच घडत नसल्यामुळे हा प्रसंग कुटुंबासाठी फारच अवघड ठरतो, कारण काही घडत असते तर ते पुढे ढकलता आले असते. न घडणारी गोष्ट पुढे कशी ढकलणार? घरातल्या चौघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच विचार येतो आणि तो आपल्या डोक्यात आला नाही असे दाखवण्यासाठी चौघेही पंख्याकडे पाहू लागतात. यावर उपाय म्हणून ब्लँकेट टांगले जात असतानाच पाण्याचा तांब्या आणायला उठावे, मात्र त्यासाठी दोन व्यक्तींनी एकदम उठू नये. स्वयंपाकघरात भेट झाली की बोलायचे काय, हा प्रश्न पडतो.

याच प्रसंगात पीटर पुरुष कपडे कोणत्या क्रमाने उतरवतात यावर व्याख्यान देत सदरा काढतो आणि आत बनियन नसतो. त्यामुळे म्हणे अमेरिकेत बनियनांचा खप घसरला. ही दंतकथा आजवर कोणी सिद्ध केलेली नाही, तरी घरातील तरुणांच्या बनियनांवर पुढील आठवडाभर लक्ष ठेवायला काय हरकत आहे? पुढे रस्त्यावर गाडी थांबवण्यासाठी पीटर अंगठ्याच्या निरनिराळ्या करामती शास्त्रशुद्ध समजावून सांगतो आणि एकही गाडी थांबत नाही. मग एली परकर किंचित वर करते आणि पहिलीच गाडी करकचून ब्रेक लावते. काप्राने नंतर सांगितलेला किस्सा असा की, कोल्बेरने आधी हा प्रसंग करायला साफ नकार दिला, पण दुसऱ्या मुलीचे पाय वापरण्याची तयारी पाहून ते पाय आपल्या नावावर खपवले जाणार हे तिला सहन झाले नाही आणि ती स्वतःच उभी राहिली. घरी या प्रसंगावर चर्चा झालीच, तर ती ब्रेकच्या दर्जावर न्यावी.

येथवर तुमची जबाबदारी संपली, कारण आक्षेप घेण्याजोगे चित्रपटात आणखी काही नाही. बाकी प्रसंग निर्धास्तपणे दाखवावेत. आरंभीच बाप सज्ञान लेकीच्या थोबाडीत देतो. ते चालेल, बाप आहे. पीटर तिला खांद्यावर टाकून ओढा ओलांडताना पाठीमागून एक चापटी ठेवून देतो. त्यावर सगळे हसतात, तुम्हीही हसावे. शेवटाकडे पीटर तिच्या बापाला तोंडावर सांगतो की, हिला रोज एकदा ठोसा लगावणारा नवरा हवा, मग तिची चूक असो वा नसो. आणि ते ऐकून बापाला जावई पसंत पडतो. घरातली सातवीतली मुलगी येथे तुमच्याकडे वळून काही विचारील. तिला सांगा की जुन्या काळची गोष्ट आहे, शांत बस. ब्लँकेटपासून तिचे रक्षण केल्यानंतर एवढ्या किरकोळ शंकेसाठी चित्रपट थांबवण्याचे कारण नाही.

बसमध्ये मंडळी गाणे म्हणत असताना एक बाई भुकेने बेशुद्ध पडते आणि तिचा मुलगा रडत सांगतो की, न्यूयॉर्कला नोकरी मिळेल या आशेने आईने होते नव्हते ते पैसे तिकिटात घातले. महामंदीचा काळ आहे. पीटर आणि एली जवळचे पैसे त्या पोराला देऊन टाकतात आणि पुढे दोघांवर कच्ची गाजरे खायची वेळ येते, जी एली आधी नाकारते आणि मग मुकाट्याने खाते. या भागात विनोद कमी असल्यामुळे मुले कंटाळतात. याच वेळी तुम्ही तांब्या भरून परत आलेले असाल, तर मधले काही विशेष नव्हते असे घरच्यांनी सांगितल्यावर विश्वास ठेवा.

एक प्रसंग मात्र सर्वांना आवर्जून दाखवावा. एलीला शोधणारे गुप्तहेर खोलीत शिरतात आणि त्यांना चकवण्यासाठी दोघे तत्क्षणी एकमेकांवर खेकसू लागतात: तू माहेरचे नाव काढलेस, तू त्या पार्टीत त्याच्याशी बोललीस, अशा थाटाचे ते भांडण आहे. गुप्तहेरांची खात्री पटते की हे अस्सल नवरा-बायको आहेत, आणि ते ओशाळून निघून जातात. सोफ्यावरच्या ज्येष्ठ दांपत्याने या वेळी एकमेकांकडे पाहिले नाही, तर ते खरोखर सुखी आहेत असे धरून चालावे.

कोणी अगदीच हटून बसले की इंग्रजी नको, तर याच कथेवर बेतलेला राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ १९५६ मध्ये आणि आमिर खान-पूजा भट्टचा ‘दिल है के मानता नहीं’ १९९१ मध्ये येऊन गेला आहे. घर सोडून पळालेली मुलगी आणि वाटेत भेटलेला परपुरुष हाच मामला तेथेही आहे, पण मध्ये गाणी असल्यामुळे तो सहकुटुंब ठरतो. आजीला त्यातली गाणी तोंडपाठ असतात.

उरतो शेवट, आणि तो दाखवण्यापूर्वी घरात उपवर मुली किती आहेत ते पाहावे. एलीचे त्याच वैमानिकाशी, या वेळी थाटामाटात, पुन्हा लग्न लागत आहे, नवरदेव ऑटोजायरोतून, म्हणजे हेलिकॉप्टरसारख्या छोट्या विमानातून, हिरवळीवर उतरला आहे, आणि वधूचा हात धरून चालणारा बाप तिच्या कानात सांगतो की मागच्या दाराशी गाडी उभी आहे, पळ काढ. एलीला शोधून देणाऱ्यासाठी लावलेले दहा हजार डॉलरचे बक्षीस सोडून फक्त झालेल्या खर्चाचे ३९ डॉलर ६० सेंट मागणारा पीटर त्याला जास्त भरवशाचा वाटतो. मुलगी पळते. आपल्याकडे कार्यालयाचे भाडे, केटररचा ॲडव्हान्स आणि वऱ्हाडाच्या खोल्या हे सगळे डोळ्यांपुढे असताना असा बाप पाहणे हा वडीलधाऱ्यांवर अन्याय आहे, त्यामुळे येथे तांब्या रिकामा असला तरी पुन्हा उठावे.

त्यानंतर परत येऊन बसा, कारण तुमच्यासाठी मुद्दाम लिहिल्यासारखा प्रसंग अगदी शेवटी आहे. आधीचे लग्न रद्द होण्याची वाट पाहत पीटर एलीच्या बापाला तार करतो की जेरिकोची भिंत डळमळते आहे, आणि बाप उत्तर पाठवतो की पडू द्या. पुढे कॅमेरा खोलीत जोडप्याकडे जातच नाही. बाहेर मुक्कामाचा मालक आणि त्याची बायको बोलत असतात की या दोघांना दोरी, जादा ब्लँकेट आणि वर एक पिपाणी कशासाठी हवी होती. ती विचारते, ही खरोखर नवरा-बायको आहेत ना? तो सांगतो, लग्नाचा परवाना मी आत्ताच पाहिला. येथे चित्रपट थांबवा, जरा मागे न्या, आवाज वाढवा आणि ते वाक्य सासूबाईंना दोनदा ऐकवा. इंग्रजी उच्चार कळत नसतील तर मराठीत सांगा. मग पिपाणी वाजेल, ब्लँकेट खाली पडेल आणि दिवा जाईल, तेव्हा कोणीही पंख्याकडे पाहण्याचे कारण नाही. कागदपत्रे चोख आहेत.