‘ऑब्जेक्ट आणि फंक्शन एका भाषेत नांदत नाहीत’ या संदेशाला उत्तर

गेला आठवडाभर बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या संध्याकाळच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात एक संदेश मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोय. खानापूरहून येणाऱ्या एका मुलीनं तो दाखवला आणि विचारलं, ‘सर, हे खरं काय?’ संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेली वस्तू) आणि फंक्शन (माहिती घेऊन उत्तर देणारा प्रोग्रामचा तुकडा) हे उलट विचार आहेत, कारण एक स्थिती, म्हणजे लक्षात ठेवलेली माहिती, जपतो आणि दुसऱ्याला स्थितीच नसते. दोन्ही एकत्र आणणारी प्रोग्रामिंगची भाषा संथ चालते, नवशिक्यांना गोंधळात टाकते. आणि शेवटी, ‘दोन भाषा मिसळल्या की एकही धड येत नाही, तेव्हा एक बाजू निवडा.’

हे वाचून वर्गातल्या दोघांनी फंक्शनल प्रोग्रामिंगचा, म्हणजे फंक्शनं जोडून प्रोग्राम लिहिण्याचा, भाग सोडून दिला. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ‘उलट विचार’. ऑब्जेक्टचा जन्मच प्रोसीजरच्या, म्हणजे नाव देऊन बोलावता येणाऱ्या कामाच्या तुकड्याच्या, पोटी झालाय. ऑस्लोत ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड सिम्युला ही भाषा घडवत होते, तेव्हा त्यांच्यापुढं अल्गोल 60 ही आधीची भाषा होती. अल्गोलमध्ये प्रोसीजर बोलावली की तिची स्वतःची व्हेरिएबल, म्हणजे मूल्यं ठेवायच्या जागा, तयार होतात आणि काम संपताच पुसली जातात. या दोघांनी ती चौकट काम संपल्यावरही जिवंत राहू दिली आणि बाहेरून तिच्याशी बोलायची सोय केली. सिम्युला 67 मधला क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, तिथून आला.

पलीकडच्या बाजूनं निघालेले लोकही त्याच जागी पोचले. 1975 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांना कार्ल हेविट यांची ‘अ‍ॅक्टर’ ही कल्पना समजून घ्यायची होती. अ‍ॅक्टर म्हणजे स्वतःजवळ काही बाळगणारा आणि आलेल्या निरोपाला प्रतिसाद देणारा घटक. त्यांनी एक छोटा इंटरप्रिटर (प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम) लिहिला, त्यात अ‍ॅक्टर बनवायची सोय वेगळी ठेवली, फंक्शन बनवायची वेगळी. चालवून बघितल्यावर कळलं की आतलं काम दोन्हीकडं एकच आहे. स्कीम ही भाषा याच प्रयोगातून उभी राहिली. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वात सुंदर क्षण वाटतो, आणि तो शिकवताना आजही अंगावर काटा येतो.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊसगाड्यांना पावती क्रमांक द्यायचाय. एक फंक्शन लिहा. त्याच्या आत क्रमांक शून्यावर ठेवा आणि त्यातून दुसरं फंक्शन परत द्या, जे दर वेळी क्रमांक एकानं वाढवून सांगतं. आलेलं फंक्शन तीनदा बोलावलं की 1, 2, 3 मिळतात. दुसऱ्या काट्यासाठी बाहेरचं फंक्शन पुन्हा बोलवा, त्याची मोजणी परत 1 पासून सुरू होते. क्रमांकाला बाहेरून कुणाला हात लावता येत नाही. क्लास कुठंच लिहिला नाही, तरी ऑब्जेक्ट हजर आहे. उलट बाजूनं, एकच मेथड (ऑब्जेक्टला जोडलेलं काम) असलेला ऑब्जेक्ट म्हणजे फंक्शनच. लोझानच्या विद्यापीठात मार्टिन ओडर्स्की यांनी स्काला या भाषेत तेच धरलं: फंक्शन म्हणजे ‘अप्लाय’ नावाची मेथड असलेला ऑब्जेक्ट.

‘फंक्शनला स्थिती नसते’ हे शुद्ध, म्हणजे त्याच माहितीला दर वेळी तेच उत्तर देणाऱ्या, फंक्शनबद्दल बरोबर आहे. पण तो मुद्दा बदलण्या-न बदलण्याचा आहे. जावा या भाषेतली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ऑब्जेक्टच आहे, आणि एकदा बनल्यावर तीही बदलत नाही.

खरी अडचण दुसरीकडंच आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखसुद्धा नाही. दिवसा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करून संध्याकाळी शिकायला येणारी मुलं माझ्याकडं आहेत, त्यांना हे लगेच पटतं. समजा पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह, फ्लायव्हील अशी कास्टिंगं आहेत आणि प्रत्येकाचं वजन आणि दर काढायचाय. क्लास करून लिहिलं तर नवीन कास्टिंग आलं की एक क्लास वाढवला, काम झालं. पण ‘मशीनिंगचा वेळही काढा’ म्हटलं की प्रत्येक क्लास उघडावा लागतो. फंक्शनं करून लिहिलं तर नवीन हिशेब सोपा, आणि नवीन कास्टिंग आलं की प्रत्येक फंक्शन उघडा. संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांनी 1998 मध्ये याला ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ हे नाव दिलं. दोन्ही एकत्र आणणारी भाषा घडवायची तर कसोटी इथं लागते. कॉमन लिस्प या भाषेनं मेथड क्लासच्या मालकीची ठेवलीच नाही. ती फंक्शनच्या नावाखाली राहते आणि येणाऱ्या वस्तूंचे प्रकार बघून निवडली जाते. त्यामुळं जुन्या कोडला हात न लावता दोन्ही बाजूंनी भर घालता येते. बाजू निवडून बसणाऱ्याला हा प्रश्न कधी सुटणार?

संथपणाचं फार बोलायला नको. स्कालात तीन अधिक चार ही लिहिताना मेथड असते, पण कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारा) तिथं साधी बेरीजच उतरवतो. जावात 2014 ला लॅम्डा, म्हणजे नाव न देता लिहायचं फंक्शन, आलं, तेव्हाही प्रत्येक लॅम्डासाठी वेगळी क्लास फाइल बनवायची वेळ येऊ दिली नाही.

गोंधळाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शन ऑब्जेक्टच आहे, पण एखादी मेथड काढून दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवून बोलावली की ‘धिस’, म्हणजे मेथड कुठल्या ऑब्जेक्टची हे सांगणारा शब्द, हरवतं. मुलं तिथं तासन्‌तास अडकतात. पायथनमध्ये तसं होत नाही: यादीत भर घालणारी ‘अपेंड’ ही मेथड बाजूला काढून ठेवली तरी ती आपली यादी विसरत नाही. त्याच पायथनमध्ये लांबी मात्र ‘लेन’ या वेगळ्या फंक्शनला यादी देऊन काढायची, आणि असं का, हा प्रश्न दर बॅचला येतोच. म्हणजे गोंधळ होतो तो जोड अर्धवट राहिला तिथं. त्यासाठी जोडणंच सोडा म्हणणं मला पटत नाही.

राहिलं ‘दोन भाषा मिसळल्या की एकही धड येत नाही’. हे बेळगावात बसून कुणी पुढं पाठवावं, याचं मला वाईट वाटलं. आमची मुलं घरी मराठी बोलतात आणि बसस्टँडवर पाय ठेवताच कन्नड. अडखळत नाहीत, कारण दोन्हीकडं वाक्याची बांधणी जवळजवळ एक आहे: आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद, आणि प्रत्यय नामाच्या मागं. खालची बांधणी एक असली की वरचे शब्द बदलायला वेळ लागत नाही. भाषा घडवणाऱ्यानं शोधायची असते ती ही खालची बांधणी.

त्या मुलीला मी वजनकाट्याचा प्रोग्राम दोन्ही पद्धतींनी लिहून आणायला सांगितलाय. त्यात ‘चुकलेली पावती रद्द करा’ ही सोय वाढवताना कुठल्या पद्धतीत किती ओळी बदलाव्या लागल्या, ते तिनं मोजून आणायचंय. शनिवारी ते फळ्यावर घेऊ. ज्या दोघांनी तो भाग सोडलाय, त्यांनीही यावं.