आत्या, लोकेशन बंद करून ड्रोन चुकत नसतो

मंगळवारी संध्याकाळी आमचे आबा फिरायला गेले आणि दोन तास सापडले नाहीत. वय 81, हल्ली रस्ता विसरतात, म्हणून त्यांच्या फोनचं लोकेशन आम्ही चौघांनी शेअर करून ठेवलंय. त्या दिवशी उघडून बघतो तर काहीच नाही, कारण दुपारी आत्याने ते बंद केलं होतं. का, तर घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला होता. आबा शेवटी एसटी स्टँडच्या बाकावर चहा पीत बसलेले सापडले, मजेत होते, आमचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

फॉरवर्डमध्ये काय होतं ते थोडक्यात सांगतो. शत्रू तुमच्या मोबाइलच्या जीपीएसवरून ड्रोन सोडतो, आत्ताच लोकेशन बंद करा आणि फक्त आपलं स्वदेशी नाविक (म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची सॅटेलाइट व्यवस्था) चालू ठेवा. इस्रोचे 10 सॅटेलाइट 24 तास पाकिस्तानची गल्ली न गल्ली लाइव्ह बघताहेत. कारगिलमध्ये अमेरिकेने जीपीएस बंद केलं होतं पण आता आपण कुणाचाही सॅटेलाइट पाडू शकतो. शेवटी झेंडे आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'.

लोकेशन बंद करा हा भाग नवा पण नाहीये. 2025च्या मे महिन्यात हाच मेसेज सरकारी सूचना म्हणून फिरत होता आणि सरकारच्याच माहिती खात्याच्या, पीआयबीच्या, फॅक्ट चेकने तेव्हाच तो खोटा आहे म्हणून सांगितलं होतं. पण ते सोडा, नुसता विचार करून बघा ना. जीपीएसचे सॅटेलाइट 20,200 किलोमीटरवर आहेत, ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात, आणि आपला फोन ते ऐकून आपण कुठे आहोत याचा हिशोब स्वतःच करतो. त्या सॅटेलाइटना फोन काहीही पाठवत नाही. आकाशवाणीवर सकाळच्या बातम्या लावल्या म्हणून आकाशवाणीला कळतं का आत्या, की तू कोणत्या खोलीत बसून ऐकतेयस? तसंच आहे हे. आणि ड्रोनला कुठे जायचं ते आधीच भरून दिलेलं असतं, नाहीतर कोणीतरी लांबून चालवत असतं, आबांच्या फोनची वाट बघत तो सीमेवर थांबत नाही.

आता अर्धं खरं काय तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा सगळ्यालाच नावं ठेवतो. लोकेशन फुटतं, पण सॅटेलाइटमधून नाही, अ‍ॅपमधून आणि इंटरनेटवरून फुटतं. 2018च्या जानेवारीत स्ट्राव्हा नावाच्या व्यायामाच्या अ‍ॅपचा जगाचा नकाशा लोकांनी बारकाईने बघितला, तेव्हा वाळवंटातल्या लष्करी तळांवर जवान कुठून कुठे पळतात त्याच्या रेघा दिसत होत्या. तेव्हा सीमेवर ड्युटीला असलेल्या माणसाने लोकेशन बंद ठेवावं, अगदी बरोबर आहे. स्टँडवर चहा पिणाऱ्या आबांनी नाही.

नाविकचं तर मला जास्त वाईट वाटतं, कारण इथे खोटा अभिमान खरी अडचण झाकतोय. 2025च्या जुलैमध्ये सरकारने स्वतः संसदेत सांगितलंय की सोडलेल्या 11 पैकी फक्त 4 सॅटेलाइट पोझिशन सांगण्याच्या कामाचे आहेत, आणखी 4 नुसते मेसेज प्रसारित करायला वापरतात, एक सेवेतून काढला आणि दोन ठरलेल्या कक्षेत पोचलेच नाहीत. पोझिशन काढायला किमान 4 लागतात. म्हणजे संसदेत हा आकडा सांगितला तेव्हा राखीव एकही नव्हता! आधीच्या काही सॅटेलाइटची आतली अणुघड्याळं बंद पडली होती आणि ती घड्याळं परदेशी होती, म्हणून 2023 मध्ये सोडलेल्या नाविकच्या एनव्हीएस-01 सॅटेलाइटमध्ये पहिल्यांदा आपलं स्वतःचं रुबिडियमचं अणुघड्याळ बसवलं. ही खरंच अभिमानाची गोष्ट आहे, ती कोणी फॉरवर्ड करत नाही.

कारगिलची गोष्ट आपण सगळ्यांनीच मोठ्या चवीने ऐकलीय. पण अमेरिकेने जीपीएस 'बंद' केलं नव्हतं, त्या काळी साध्या वापरासाठीचा सिग्नल ती जगभर सगळ्यांसाठीच मुद्दाम अंधुक ठेवायची, शंभरेक मीटरची चूक यायची, आणि 2 मे 2000 नंतर ते थांबवलं. त्याच युद्धात आपल्या मिग-21चे काही पायलट हातातलं जीपीएस आणि स्टॉपवॉच घेऊन बॉम्ब टाकत होते. दुसऱ्याच्या सिग्नलवर देशाने अवलंबून राहू नये हे मान्य, म्हणूनच 2006 मध्ये नाविकला मंजुरी मिळाली.

24 तास लाइव्हवाला मुद्दा इस्रोच्या अध्यक्षांच्या बोलण्यातून ओढून काढलाय. ते 11 मे 2025 ला इंफाळमध्ये म्हणाले होते की किमान 10 सॅटेलाइट देशाच्या सुरक्षेसाठी 24 तास काम करताहेत. काम करताहेत, एकाच गल्लीवर थांबलेले नाहीत. जमिनीचे फोटो काढणारा कार्टोसॅट-3 सारखा सॅटेलाइट पाचशे किलोमीटर उंचीवरून इतक्या वेगाने जातो की पुण्याहून साताऱ्याला पंधराएक सेकंदांत पोचेल, म्हणजे एका जागेवर काही मिनिटं, मग पुढे. फोटोत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 25 सेंटिमीटर. गाडी दिसेल, नंबर प्लेट नाही. म्हणून तर 2024 मध्ये आणखी 52 टेहळणी सॅटेलाइटची योजना मंजूर केलीय. सगळं आधीच दिसत असतं तर ते कशाला? आणि इंफाळच्या त्या भाषणानंतर आठवड्याभरातच, 18 मेला, ढगांतून आणि रात्रीही बघू शकणारा ईओएस-09 सॅटेलाइट पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने वाया गेला, हेही त्या मेसेजमध्ये नाहीये.

राहिलं सॅटेलाइट पाडणं. 27 मार्च 2019 च्या मिशन शक्तीत आपण स्वतःचाच सॅटेलाइट सुमारे 283 किलोमीटरवर पाडला, भारी काम होतं. पण 'कुणाचाही' कसा? जीपीएस कुठे आहे ते वर लिहिलंय, वजाबाकी करा.

आबांचं लोकेशन मी परत चालू केलंय, त्याला कोणी हात लावू नका. आणि काका, तुम्ही रात्री साडेअकराला फोन करून विचारलंत की नाविक चालू करायचं बटण कुठे आहे. तसं बटण नसतं. नाविक ऐकणारी चिप तुमच्या फोनमध्ये असेल तर ती नाविकबरोबरच अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास आणि बहुतेक चीनचं बेइदू पण ऐकत असणार. आता चीनचं नाव ऐकून फोन फेकू नका, चिप तेही नुसतं ऐकतेच.